काका, जरा बाहेर बसता का?

आमची सोसायटी ठाण्यात, वर्तकनगरच्या बाजूला, जुनी चार मजली. पावसाळ्याआधी टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन आली आणि त्यातलं एक कमिटीतल्याच काकांच्या साडूचं. काकांनी लपवलं नाही हां, सुरुवातीलाच म्हणाले की हा माझा साडू, मी मत देणार नाही. पण बसून राहिले तिथेच, आणि वॉरंटी किती, अॅडव्हान्स किती, प्रत्येक शंकेला उत्तर तेच देत होते, आणि मग सेक्रेटरी म्हणाले हात वर करा. आता ज्यांनी माझ्या आईला रात्री दोन वाजता स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं त्यांच्यासमोर मी दुसऱ्या कोटेशनसाठी हात कसा वर करणार? नाही केला. कोणीच नाही केला. काम बरं झालं, गळत नाही, पण आम्ही ते निवडलं असं मला अजून म्हणवत नाही.

नंतर सोसायटीचे उपविधी, म्हणजे आमचे कारभाराचे नियम, काढून वाचले. पदाधिकाऱ्याचा सोसायटीच्या कुठल्याही कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा, स्पष्ट लिहिलंय. पब्लिक लिमिटेड कंपन्यांना तर २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १८४ आहे, डायरेक्टरने आपला संबंध सांगायचा आणि त्या विषयाच्या चर्चेतही भाग घ्यायचा नाही. नुसतं मत न देणं पुरत नाही, कारण माणूस समोर असला की बाकीच्यांची जीभ जड होते.

मग माझी पाळी आली. एक पार्किंग रिकामं झालं, मागणारे दोन, त्यातली एक मी. विषय निघाल्यावर मी उठले, म्हटलं मिनिट्समध्ये लिहा मी बाहेर गेले म्हणून, आणि जिन्यात जाऊन बसले. वीस मिनिटं. आतून आवाज चढलेले ऐकू येत होते आणि खरं सांगते, आत जाऊन आपली बाजू मांडावी असं फार वाटत होतं. पार्किंग दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना मिळालं. आत काय बोलणं झालं ते मी कोणाला विचारलं नाही.

आता रिडेव्हलपमेंट येतंय. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली सरकारचे ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत, त्यात विकासक कमिटी मेंबरचा नातेवाईक नसावा असं आहे, पण आर्किटेक्ट, वकील, बिल्डरच्या ऑफिसातला भाचा, यांचं काय? येत्या रविवारी पहिलाच विषय म्हणून प्रत्येकाने आपापले संबंध सांगावेत असं मी मांडणार आहे. काकांना आधीच फोन करून सांगितलंय, त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून कळायला नको होतं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, बरं, माझ्यापासून सुरुवात कर.