दूधवाले मामा आत गेले होते

‘जाऊन काय उपयोग झाला?’ हे वाक्य गावभागात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या बोळातल्या जुन्या वाड्याला पहाटे आग लागली. वर कडीपाट, मधे सागवानी जिना. अशा घरात आग लागली की तो जिना म्हणजे धुरांडंच. वरच्या खोलीत काकू एकट्या. गुडघ्यांमुळे त्यांना एरवीही धरूनच उतरवावं लागायचं. आम्ही बोळात. कुणी १०१ लावतंय, कुणी बादल्या शोधतंय, आणि नळाला पाणी नाही.

तेवढ्यात दूधवाले मामा रतीब घालायला आले. गाडी भिंतीला टेकवली, कॅनखालचं गोणपाट ओढलं आणि अख्खा कॅन त्यावर उपडा केला. दुधानं निथळणारं ते पोतं डोक्यावरून घेतलं. मी त्यांचा दंड धरला. ‘सोड,’ एवढंच म्हणाले.

ते रांगत शिरले. धूर वर साठतो, जमिनीलगत थोडी हवा उरते. तरुणपणी गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घातलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण ओलं पोतं काजळी अडवतं, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. जिन्याच्या वळणावर मामांच्या पायातलं बळ गेलं ते त्यानंच, असं नंतर डॉक्टर म्हणाले. कसेबसे खाली सरकत आले, उंबऱ्यावर खोकले, आणि पुन्हा वळले. या खेपेला पायऱ्याच खाली आल्या. आम्ही त्यांना पायाला धरून ओढलं.

काकूंना अग्निशमनच्या जवानांनी मागच्या खिडकीतून काढलं. संध्याकाळी त्या गेल्या.

उपयोग विचारणाऱ्यांनो, मी दाराशी होतो. ‘काकू, आवाजाकडं या!’ असं मामा ओरडत होते आणि वरून उत्तर आलं होतं, ‘आले रे बाबा.’ त्या घडीला काकूंना ठाऊक होतं की आपल्यासाठी कुणीतरी जिना चढतंय. हे मी त्यांच्या मुलालाही सांगितलं. तो बराच वेळ माझा हात सोडेना.

दुसऱ्याचा जीव वाचवताना दाखवलेल्या धैर्यासाठी केंद्र सरकार १९६१ पासून जीवन रक्षा पदकं देतं. मामांचं नाव कळवणारा अर्ज मी कलेक्टर ऑफिससाठी लिहितोय. मिळेल न मिळेल, पण घडलं ते कागदावर यायलाच हवं. ज्यांनी पाहिलं त्यांनी रविवारी सकाळी सहीला या. मामांचे दोन्ही हात अजून बँडेजमध्ये आहेत. रतीब पुतण्या घालतोय. त्याचे पैसे थकवू नका, आणि त्या दिवशीच्या दुधाचेही द्या.