काच काळी असली म्हणजे गाडी गार राहते असे नाही

माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या काचेवरची फिल्म स्वतःच्या हाताने सोलून काढावी लागली, तेव्हापासून मी या विषयाकडे नीट लक्ष देऊ लागलो. ती फिल्म बसवली तेव्हा दाट काळी होती. चार वर्षांत तिचा रंग जांभळट झाला, मधोमध बारीक फुगे धरले, आणि रात्री गाडी मागे घेताना पाठीमागच्या वाहनाचे दिवे पसरट डागांसारखे दिसू लागले. ती काळीभोर होती त्या काळातही भर उन्हात गाडी तापायची ती तापायचीच. त्यानंतरच्या गाडीला मी जी फिल्म बसवली, ती इतकी स्वच्छ आहे की बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षातही येत नाही. तरीही दुपारच्या लांबच्या प्रवासात दाराकडच्या हाताला बसणारा चटका तिने पुष्कळच कमी केला. काळेपणा आणि उष्णता अडवण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिली फिल्म घेण्यापूर्वी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उन्हाचे तीन घटक वेगवेगळे करून पाहिले की बराचसा गोंधळ मिटतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशातील ऊर्जेचा साधारण निम्मा भाग अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांचा असतो, त्याहून थोडा कमी भाग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा असतो, आणि अतिनील (अल्ट्राव्हायोलेट, म्हणजेच यूव्ही) किरणांचा वाटा अवघा ३ ते ५ टक्के असतो. फिल्म काळी दिसते ती दृश्य प्रकाश अडवते म्हणून. अवरक्त किरणांचे ती काय करते, हे तिच्या रंगावरून कळत नाही. नुसता रंग मिसळून केलेली साधी फिल्म उजेड शोषून घेते आणि त्या प्रमाणात थोडी उष्णताही कमी करते, पण उन्हाचा जो निम्मा भाग नजरेला दिसतच नाही, त्यातला बराचसा ती आत येऊ देते. सिरॅमिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फिल्ममध्ये मात्र धातूंच्या ऑक्साइडचे किंवा नायट्राइडचे इतके सूक्ष्म कण असतात की ते उजेडाच्या वाटेत फारसे येत नाहीत, पण अवरक्त किरण अडवतात. त्यामुळे जवळपास पारदर्शक दिसणारी चांगली सिरॅमिक फिल्म दाट काळ्या रंगीत फिल्मपेक्षा अधिक उष्णता रोखू शकते. धातूचा पातळ थर दिलेल्या फिल्मही उष्णता चांगली परतवतात, परंतु काचेत बसवलेला रेडिओचा अँटेना, जीपीएस किंवा मोबाइल यांच्या लहरींना तो थर अडथळा करू शकतो, म्हणून आजच्या गाड्यांसाठी मी त्या सुचवणार नाही.

अतिनील किरणांचा वाटा लहान असला तरी माझ्या मते फिल्म बसवण्याचे सर्वांत भक्कम कारण तेच आहे. गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर दाबून केलेली जोडकाच असते आणि तो थर जवळजवळ सर्व अतिनील किरण अडवतो. दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत एकेरी, उष्णतेची प्रक्रिया देऊन कडक केलेल्या असतात. त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण त्या काचा थांबवतात, पण त्वचेत खोलवर शिरणाऱ्या यूव्हीए किरणांपैकी बराच भाग त्यांतून आत येतो, आणि त्वचा लाल होत नसल्यामुळे आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१२ साली ६९ वर्षांच्या एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. त्याने २८ वर्षे गाडी चालवली होती, आणि त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजव्या बाजूच्या मानाने कितीतरी जास्त सुरकुतलेली, जाड आणि खडबडीत झालेली होती. एकाच माणसाच्या एकाच चेहऱ्यावर ऊन आणि सावली यांतला फरक इतका स्पष्ट उमटलेला मी दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. चांगल्या प्रतीची फिल्म, मग ती फिकट असो वा गडद, ९९ टक्क्यांच्या आसपास अतिनील किरण अडवते. ज्यांना उन्हाने त्रास होणारा त्वचेचा विकार आहे किंवा ज्यांचा दिवस गाडीतच जातो, त्यांच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. आसनांचे कापड विटणे आणि डॅशबोर्डला तडे जाणे हेही काहीसे लांबते, कारण त्यामागे अतिनील किरण आणि उष्णता असे दोघांचे काम असते.

येथे एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगायला हवी. बहुतेक फिल्म उष्णता परतवण्यापेक्षा शोषतात अधिक. म्हणजे ती उष्णता आधी काचेत साठते आणि काच तापते. गाडी चालू असताना बाहेरचा वारा काचेवरून वाहतो आणि त्यातली बरीचशी उष्णता घेऊन जातो, म्हणून फिल्मचा खरा लाभ प्रवासात जाणवतो आणि एसीवरचा ताणही हलका होतो. उन्हात तासन्‌तास उभ्या असलेल्या गाडीत मात्र तापलेली काच काही उष्णता आतही सोडत राहते. अशी गाडी फिल्ममुळे थोडी उशिरा आणि थोडी कमी तापेल, पण तापल्यावाचून राहणार नाही. बंद गाड्यांमधील तापमानवाढीचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तासाभरात आतले तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाल्याचे आढळले होते. फिल्म आहे म्हणून लहान मूल, वृद्ध माणूस किंवा पाळीव प्राणी यांना ‘पाचच मिनिटे’ बंद गाडीत ठेवण्याचा विचार कोणीही मनात आणू नये.

फिल्म निवडताना जे आकडे समोर येतात, त्यांतला पहिला म्हणजे तिच्यातून किती टक्के उजेड आत येतो हा. ५ टक्क्यांची फिल्म जवळजवळ काळी असते आणि ७० टक्क्यांची जेमतेम जाणवते. परंतु काच स्वतःही थोडा उजेड अडवत असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. समजा, दाराची काच मुळात ७५ टक्के उजेड आत सोडते आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म चिकटवली, तर शेवटी साधारण ३७ टक्केच उजेड आत येईल. नियमांची तपासणी करताना मीटर काच आणि फिल्म मिळूनच मोजतो, त्यामुळे फिल्मच्या वेष्टनावरचा आकडा पाहून निर्धास्त राहिलेल्या माणसाची तिथे अडचण होते. प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत आणि पुढच्या काचेच्या बाबतीत ते बहुतेक ठिकाणी अधिक कडक असतात, म्हणून आपली गाडी जिथे नोंदलेली आहे तिथला नियम आधी वाचावा आणि मगच फिल्मची निवड करावी.

दुसरा आकडा ‘अवरक्त किरण ९५ टक्के अडवते’ अशा स्वरूपाचा असतो, आणि त्याच्याकडे मी सावधपणे पाहतो. उन्हातले अवरक्त किरण साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेले असतात, तर जाहिरातीतला आकडा पुष्कळदा त्यातल्या एखाद्या अरुंद पट्ट्यापुरताच मोजलेला असतो. दुकानात तापवणाऱ्या दिव्यासमोर फिल्म धरून तिच्यामागे आपला हात ठेवायला सांगतात. तो प्रयोग खोटा नसतो, पण त्या दिव्याची जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त असते आणि फिल्मला तापून उष्णता परत सोडायला वेळही मिळालेला नसतो. तुलना करायची असेल तर ‘एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते’ हा आकडा मागावा. त्यात उजेड, अवरक्त आणि अतिनील या तिन्हींचा हिशेब असतो आणि शोषलेल्या उष्णतेपैकी जी आत येते तीही वजा केलेली असते. हा आकडा दिसायला नेहमी लहान असतो, म्हणूनच तो ठळक अक्षरांत छापला जात नाही.

गडद फिल्म घेऊ नये असे मी म्हणतो, त्यामागे रात्रीचा अनुभव आहे. पाऊस पडत असताना, दिवे नसलेल्या वळणावर, दाराच्या काचेतून बाजूचा आरसा पाहायचा तर उजेडाचा प्रत्येक अंश हवा असतो. दिवसा मिळणाऱ्या आडोशासाठी रात्री पादचारी दिसू नये, हा व्यवहार मला पटत नाही. फिल्ममुळे फुटलेल्या काचेचे तुकडे बऱ्याच अंशी एकत्र धरले जातात, हा खरा फायदा आहे. मात्र संकटात काच फोडून बाहेर पडण्याची वेळ आली, तर फोडल्यानंतर ती जोराने बाहेर ढकलावीही लागेल, हे घरच्या सर्वांना सांगून ठेवावे.

फिल्म आतल्या बाजूने बसवतात, आणि बसवणाऱ्याच्या हातावर फार काही अवलंबून असते. माझ्या दुसऱ्या गाडीचे काम मी शेजारी उभा राहून पाहिले. कारागिराने धूळ उडू नये म्हणून आधी जमीन ओली केली. मग काचेची तळकडची रबरी पट्टी बाजूला सारून तिच्या फटीतली माती पाण्याने बाहेर काढली, आणि काच उघडी-बंद करून तेच पुन्हा दोनदा केले. मागच्या गोलाकार काचेसाठी फिल्म आधी काचेच्या बाहेरच्या बाजूवर पसरून, गरम हवेच्या झोताने हळूहळू आकसवत तिला काचेचा बाक दिला. साबणाच्या पाण्यावर ती आत सरकवल्यावर त्याने पट्टीने मधून कडांकडे एकसारखे पाणी ओढून काढले. बोटाच्या पेराएवढ्या जागेवरूनही तो तीन-चार वेळा फिरत होता. धुळीचा एक कण आत राहिला तरी त्याच्याभोवती कायमची टिकली उमटते, हे त्याने मला नखाने दाखवले.

यानंतरचा महिना महत्त्वाचा असतो. फिल्म आणि काच यांच्यामध्ये थोडा ओलावा राहतोच. पहिल्या काही दिवसांत काच धुरकट दिसते, कुठे कुठे पाण्याचे लहान पुंजके दिसतात, आणि ते ऊन व हवा यांनुसार काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप विरतात. ते बोटाने दाबून पुढे सारण्याचा मोह टाळावा. निदान चार-पाच दिवस काचा खाली करू नयेत, कारण गोंद धरण्यापूर्वी कड रबरात अडकली की फिल्म सोलली जाते. खिडक्यांच्या बटणांवर मी कागदी चिकटपट्टी लावून ठेवली होती, नाहीतर सवयीने हात तिकडे जातो. महिनाभर झाल्यावरही एखादा फुगा तसाच राहिला, तर मात्र ती बसवण्यातली चूक समजावी आणि कारागिराकडे परत जावे.

पुढची निगा सोपी आहे, पण ती रोजच्या सवयींत मुरली पाहिजे. काच पुसण्याच्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो आणि तो फिल्मचा थर व रंग हळूहळू बिघडवतो. त्याऐवजी सौम्य साबणाचे दोन थेंब घातलेले पाणी पुरते. पाणी कापडावर घ्यावे, मऊ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसावे आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपावे. हे सावलीत करावे, तापलेल्या काचेवर डाग उमटतात. वर्तमानपत्राचा बोळा काचेला चालेल, फिल्मला चालत नाही. काचेवर चोषकाने (रबरी वाटीने) चिकटणाऱ्या, ऊन अडवणाऱ्या जाळ्या आणि स्टिकर काढताना फिल्मही ओढली जाते, म्हणून मी ते वापरणेच सोडले.

सर्वांत जास्त नुकसान मात्र रबराच्या खाचेतली वाळू करते. संध्याकाळचे तिरपे ऊन दाराच्या काचेवर पडले की केसाएवढ्या बारीक, सरळ उभ्या रेघा दिसतात. त्या पुसण्यामुळे झालेल्या नसतात, काच वर-खाली होताना त्या खाचेत अडकलेल्या कणांनी ओढलेल्या असतात. मी दर पंधरवड्याला जुन्या मऊ ब्रशने ती खाच झाडतो आणि ओल्या कापडाची घडी तिच्यातून फिरवतो, काम दोन मिनिटांचे आहे. काचेवर चिखल उडालेला असेल तर तो धुतल्याशिवाय काच खाली करत नाही. सीटबेल्टची धातूची जीभ सोडल्यावर काचेवर आपटू न देता हाताने जागेवर नेण्याची सवयही घरात सर्वांना लावली आहे.

आणि फिल्म रंग बदलू लागली किंवा फुगू लागली, की ती काढावी. जांभळेपणा म्हणजे काही रंगद्रव्ये उन्हाने आधी मेली आणि तांबूस-निळी तेवढी उरली असा अर्थ असतो. फुगे म्हणजे गोंद सुटला. दोन्ही पुन्हा दुरुस्त होत नाहीत. माझ्या जुन्या गाडीची मागची काच मी कपड्यांना वाफ देण्याच्या यंत्राने एका कोपऱ्यापासून गरम करत गेलो आणि फिल्म काचेला जवळजवळ समांतर धरून, घाई न करता ओढत राहिलो. मागच्या काचेवर वाफ घालवणाऱ्या बारीक तारा असतात, तिथे पाते लावले की त्या तुटतात, म्हणून उरलेला गोंद साबणाच्या पाण्याने भिजवून, तारांच्या दिशेनेच कापड फिरवत काढला. त्याला अख्खी सकाळ लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे दव धरलेल्या काचेवर तारांचे बटण दाबले, तेव्हा एकेका तारेभोवतीची वाफ या टोकापासून त्या टोकापर्यंत विरत गेली आणि कुठलाही पट्टा मध्येच तुटला नाही.