मशीन थरथरतं, तेव्हा हाताचा हिशेब कोण ठेवतं?

आमच्या नव्या सँडरच्या, म्हणजे पृष्ठभाग घासायच्या मशीनच्या, डिझाइनवर मागच्या आठवड्यात चाचणी विभागाचा शेरा आला: मधल्या स्थितीत हाताला जाणारा कंप जास्त आहे, हे पुढे पाठवता येणार नाही. तो वाचून मी खूप चिडले. मधल्या स्थितीत मशीन चालवणार तरी कितीजण? पण इथे जर्मनीत, स्टुटगार्टच्या आसपास अशा वादात हार मानल्याशिवाय गत्यंतर नसतं, कारण समोरचा माणूस मत मांडत नाही, कायद्यातला आकडा दाखवतो.

आधी आम्ही काय करत होतो ते सांगते. लाकूड किंवा गाडीचा रंग घासायला जे गोल पॅडचं मशीन वापरतात, त्याचं पॅड मोटरच्या अक्षावर बसवलेलं नसतं. ते किंचित बाजूला सरकवलेलं असतं, म्हणून ते स्वतःभोवती मोकळं फिरता फिरता छोटी वर्तुळंही काढतं. वर्तुळ ५ मिलिमीटर व्यासाचं असेल तर माल पटापट निघतो, ३ मिलिमीटरचं असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो. त्यामुळे कारागिराला दोन मशीनं बाळगावी लागतात. आम्हाला एकाच मशीनमध्ये दोन्ही हवं होतं.

त्याची युक्ती जुनी आणि फार देखणी आहे. एकात एक बसणारे दोन बुश, म्हणजे धातूच्या नळकांड्या, घ्यायचे, दोघांचीही भोकं मध्यापासून सरकलेली. एकाचं सरकणं २ मिलिमीटर, दुसऱ्याचं अर्धा. दोन्ही एका दिशेला ठेवले की बेरीज अडीच, म्हणजे ५ चं वर्तुळ. आतला बुश अर्धा फेरा वळवला की वजाबाकी दीड, म्हणजे ३ चं वर्तुळ. विक्री विभागाचं म्हणणं होतं की मग मधलं काहीही निवडता यावं, अंगठ्याने चाक फिरवायचं आणि हवं ते वर्तुळ घ्यायचं. कागदावर ते सहज जमतं.

घोडं अडतं ते तोलावर. समजा पॅड आणि त्याच्याबरोबर सरकणारे भाग मिळून २०० ग्रॅम आहेत आणि गती मिनिटाला १०,००० फेरे आहे. अडीच मिलिमीटर सरकवलेलं हे वजन बाहेर ओढतं ते जवळजवळ ५५ किलोच्या जोराने. दीड मिलिमीटरवर तोच जोर ३३ किलोवर येतो. हा जोर मारायला अक्षाच्या दुसऱ्या बाजूला काउंटरवेट असतं. ते एका मापासाठी जुळवलं आणि दुसऱ्या मापावर मशीन चालवलं, तर २२ किलोचा न मारलेला जोर सेकंदाला १६७ फेरे घेत मुठीत उतरतो. म्हणून बुश वळला की काउंटरवेटही सरकेल अशी जोडणी करावी लागते. दोन्ही टोकांना ते जमतं. मधे मात्र दोन सरकण्यांची बेरीज तिरकी होते, जोराची दिशाच बदलते आणि काउंटरवेट भलत्याच बाजूला राहतं. चाचणीवाल्यांनी नेमकं हेच पकडलं होतं.

आता तो आकडा. युरोपचा २००२ चा निर्देश आणि जर्मनीचा त्यावर बेतलेला २००७ चा नियम सांगतो की आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने हाताला बसणारा कंप २.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ ही मर्यादा ओलांडायचीच नाही. हिशेब वर्गाचा आहे, म्हणजे कंप दुप्पट झाला तर परवानगीचा वेळ पाव होतो. मशीन ७ चा कंप देत असेल, तर एका तासातच पहिली रेषा येते आणि चार तासांत मर्यादा संपते. कारागिराचा दिवस तिथे थांबतो. यंत्र बनवणाऱ्याला हा आकडा मॅन्युअलमध्ये छापावा लागतो आणि गिऱ्हाईक खरेदीच्या वेळी तो वाचतं.

आमच्या चाचणी विभागातले एक वयस्क सहकारी पूर्वी गाड्या रंगवण्याच्या कामात होते. हिवाळ्यात ट्रामच्या थांब्यावर हातमोजा काढला की त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेराच्या मधोमध रेघ मारल्यासारखी पांढरीफटक दिसतात. रेघेच्या वर रक्तच नाही. जर्मनीच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कंपाने हातातला रक्तपुरवठा बिघडण्याच्या या आजाराला २१०४ क्रमांक आहे. अमेरिकेत डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियानातल्या दगडफोड्यांच्या हातांत हेच पाहिलं होतं. आता ते सहकारी काही नाकारतात, तेव्हा मी आधी ऐकून घेते.

एका चर्चेत कुणीतरी आपल्याकडचा व्हिडिओ लावला: जमिनीवर उकिडवा बसलेला कारागीर, गार्ड काढलेला ग्राइंडर, पायाने दाबून धरलेलं काम. बाकीचे हसले. मला ते सहन झालं नाही. मी सांगितलं की या माणसाला बटण लागत नाही. मोटरचा आवाज जड झाला की तो दाब हलका करतो, कडेजवळ आला की मनगट वळवतो, रंग तापतोय हे त्याला वासावरून कळतं. आम्ही जी जुळवणी यंत्रात घालायला महिने घालवतो, ती त्याच्या खांद्यात आणि मनगटात आहे. हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन.

पण त्याच्या हाताचे तास कुणी मोजत नाही, हेही खरं आहे. आपल्याकडे ही बोटं फारशी पांढरी दिसत नाहीत, कारण बोटं पांढरी पडायला थंडी लागते. उकाडा ती खूण झाकतो. मुंग्या, बधिरपणा, शर्टाचं बटण लावताना होणारी अडचण मात्र उकाड्याने जात नाही, आणि आपण ती वयाच्या खात्यात टाकतो.

“तिकडे आधीच सुरक्षित असलेल्या लोकांसाठी कशाला राबतेस?” असं घरचे अधूनमधून विचारतात. माझं उत्तर असं आहे की कमी थरथरणारं यंत्र ज्याच्या हातात जाईल त्याच्या हातात कमीच थरथरतं. ते कमी थरथरायला लावणारा कायदा जिथे आहे, तिथेच मला हे काम शिकता आलं. यात स्वतःची समजूत घालणंही असेल, पण उत्तर खोटं नाही.

शेवटी चाकाऐवजी दोनच थांबे ठेवायचं ठरलं, ३ आणि ५. मधे थांबताच येऊ नये म्हणून स्प्रिंगची खीळ दिली आहे. मोटर सुरू होताना बुश मागे राहू पाहतो, म्हणून खिळीचा थांबा त्याच बाजूला ठेवला, म्हणजे सुरुवातीचा झटका तिला आणखी घट्ट बसवतो. खाचेत बारीक धूळ जाऊन बसू नये यासाठी फेल्टची कडी घातली आहे आणि हातमोजा घालूनही बुश वळवता येईल इतकी पकडीच्या खाचांची खोली वाढवली आहे. राहिला आहे तो पॅडचा प्रश्न. लोक दुसऱ्या कंपनीचं जाड पॅड लावतात, मधे फोमची चकती घालतात, आणि ज्या वजनावर आम्ही तोल साधला तेच बदलतं. तुमच्याकडे असं मशीन असेल तर पॅड बदलताना आधी जुनं-नवं दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा. नवं बरंच जड निघालं, तर ते लावू नका.