मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते?

ऑगस्ट २०२४ मध्ये बेळगाव तालुक्यातील नावगे येथे चिकटपट्टी बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि लिफ्टमध्ये अडकलेल्या एका तरुण कामगाराचा तीत अंत झाला. माझे आयुष्य यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीत गेले आहे; पण त्या घटनेनंतर बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक भागांतील कोणत्याही शेडमध्ये पाऊल टाकले, की माझी नजर यंत्राच्या आधी दारांकडे जाते.

मध्यंतरी अशाच एका शिवणकामाच्या युनिटमध्ये मोटार बघायला गेलो होतो. माळ्यावर बायका ओळीने मशीनवर बसलेल्या, पायांशी कापडाच्या कातरणांचा ढीग, आणि ये-जा करायला पुढचा एकच अरुंद जिना. मागच्या बाजूला लोखंडी जिना होता, पण त्याच्या दाराला बाहेरून कुलूप आणि आतून दारापुढे छातीएवढ्या उंचीपर्यंत रचलेले तागे. अग्निशामक सिलिंडर त्या ताग्यांच्या मागे टांगलेला होता. त्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरलेला स्पष्ट दिसत होता. किल्ली कोणाकडे आहे, असे विचारल्यावर सुपरवायझर म्हणाले, "मालकांकडं. ते गावात राहतात." कुलूप कशासाठी, याचेही उत्तर तयार होते : "नाहीतर माल जातोय की हो मागनं."

नेमक्या याच भीतीपोटी २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याचे एक दार बंद होते. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर हा कारखाना होता आणि तेथे बायकांचे ब्लाउज शिवले जात. शनिवारची संध्याकाळ होती, सुटी व्हायची वेळ झाली होती. आठव्या मजल्यावर कापणीच्या टेबलाखाली साठलेल्या कातरणांनी पेट घेतला. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्याला टेलिफोनने खबर गेली, त्यामुळे तेथे असलेले मालक गच्चीवरून शेजारच्या इमारतीत पोहोचले. नवव्या मजल्याला मात्र वेळेवर कोणीही कळवले नाही. त्या मजल्यावरच्या मुली एका जिन्याच्या दाराकडे धावल्या, तर त्याला कुलूप होते, कारण घरी जाताना सर्वांनी दुसऱ्या दाराने, पिशव्या तपासून घेऊनच बाहेर पडावे, असा शिरस्ता होता. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. लिफ्ट चालवणाऱ्यांनी जिवावर उदार होऊन शक्य तितक्या खेपा केल्या, म्हणून कित्येकजणी वाचल्या. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. १४६ माणसे गेली. त्यांतील बहुतेकजणी इटलीतून आणि पूर्व युरोपातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या.

दोन्ही मालकांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले, कारण दाराला त्या क्षणी कुलूप होते हे त्यांना ठाऊक असल्याबद्दल ज्यूरीची खात्री पटली नाही. त्यांतील एकाला पुढे १९१३ मध्ये पुन्हा कारखान्याचे दार बंद ठेवल्याबद्दल अवघा २० डॉलर दंड झाला. हे वाचून आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

त्या आगीने काही बदलले असेल, तर ते न्यायालयात नव्हे. न्यूयॉर्क राज्याने रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ या लोकप्रतिनिधींच्या नेतृत्वाखाली चौकशी आयोग नेमला. आग लागली तेव्हा जवळच असलेल्या आणि ती डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स या आयोगाच्या कामात अग्रभागी होत्या. १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. एका कारखान्यात 'आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मार्ग' म्हणून भिंतीला एक भोक होते आणि त्यापलीकडे बर्फाने माखलेली, जमिनीपासून बारा फूट वरच संपणारी शिडी होती. पर्किन्स यांनी वॅग्नर यांना त्या भोकातून स्वतः सरपटत जायला लावले. पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी, कामाच्या वेळी कुलूप नसलेली दारे, पाण्याचे स्वयंचलित फवारे, आगीची कवायत या गोष्टी सक्तीच्या झाल्या. आपल्याकडे तपासणी म्हणजे बहुधा फाइलमधल्या प्रमाणपत्राची तारीख पाहणे; त्या दारातून स्वतः बाहेर पडून पाहणारा अधिकारी माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आपला कायदा तोकडा होता असे नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये आगीच्या वेळी सुटकेचे सुरक्षित मार्ग, विझवण्याची साधने आणि कामगारांना त्यांची माहिती व सराव देण्याची जबाबदारी सांगितलेली होती. सरावाला मी फार महत्त्व देतो, कारण आमच्याकडच्या शेडमध्ये मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांच्या शेजारी आता बिहार, ओडिशाकडून आलेली मुलेही उभी असतात. भिंतीवरचा फलक त्या सर्वांना वाचता येईलच असे नाही, पण एकदा पायांनी चाललेली वाट धुरातही सापडू शकते. लिफ्टकडे न धावता जिना गाठायचा, हेही अशाच सरावातून अंगवळणी पडते.

माझी खरी काळजी लहान युनिटांची आहे. जुन्या अधिनियमानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा २० वर नेली. वडगाव, खासबागच्या गल्लीबोळांतील यंत्रमागाच्या खोल्या आणि उद्यमबागेतील बारा-पंधरा माणसांची शेड यांच्या दारांकडे मग पाहायचे कोणी? अशा व्यवसायांना ठरावीक मुदतीने परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्या वेळी अर्ज आणि शुल्काबरोबर एकच अट घालावी : तपासणीला येणाऱ्याने न कळवता, काम चालू असताना यावे आणि मागच्या दाराने बाहेर पडून दाखवावे. दार किल्लीवाचून उघडले नाही, तर त्या दिवशी परवाना मिळू नये.