ढोल्या गणपतीची पाठ

घर बांधून घ्यायला नवीन गिऱ्हाईक आलं की मी त्याला आधी साइटवर नेत नाही. वाईला ढोल्या गणपतीच्या देवळामागे नेतो. दर्शन सगळेच घेतात, देवळाची पाठ कोणी बघत नाही. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी कृष्णेच्या घाटावर हे देऊळ बांधलं, ते नदीला पूर येणार हे धरूनच. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, मधे टोक काढलेलं. पुराचं पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. डोंगरउतारावर घर बांधणाऱ्याने शिकायचं ते सगळं या भिंतीत आहे. मला ती भिंत दाखवली आबांनी.

आबा पाथरवट. १९९८ साली मी सिव्हिलचा डिप्लोमा करून वाईला परत आलो, तेव्हा त्यांच्याकडे हत्यारांची पेटी होती आणि माझ्याकडे वडिलांनी दिलेले चाळीस हजार रुपये. कागद केला नाही. निम्मे निम्मे, एवढंच ठरलं, आणि ते शेवटपर्यंत तसंच चाललं. मी नकाशा काढायचो, गिऱ्हाइकाशी बोलायचो; दगडातलं आणि पाण्यातलं आबांचं चालायचं.

त्यांच्या पेटीत दगड घडवायच्या लहानमोठ्या सव्वीस टाक्या, म्हणजे छिन्न्या, होत्या. दुकानातून आणलेली धार ते मानायचे नाहीत. साइटच्या कोपऱ्यात भाता लावायचा, टाकी लाल करून टोक काढायचं, आणि तेवढं टोकच पाण्यात बुडवून बाहेर घ्यायचं. मग मागची ऊब टोकाकडे सरकते आणि लोखंडावर रंग चढू लागतो. वाळक्या गवतासारखा पिवळा आला की लगेच पाण्यात. निळा येऊ दिला तर टाकी मऊ पडते, घाई केली तर काळ्या पाथराच्या पहिल्याच घावाला टोक उडतं. हा रंग नीट दिसावा म्हणून आबा टाक्यांना पाणी पाजायचं काम सावलीत बसून करायचे. दगड घेतानाही तसंच. सुतकीने एक ठोका मारायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, परत पाठवायचा. त्यांनी परत पाठवलेल्या गाड्यांमुळे खाणवाले माझ्यावर चिडायचे, पण त्यांच्या हातून चिरलेला दगड कधी भिंतीत गेला नाही.

आमचं काम पाचगणी, भिलार, महाबळेश्वर याच पट्ट्यात. पहिली अकरा वर्षं बरी गेली.

आता जे लिहितो आहे ते कधीतरी लिहायचंच होतं. २००७-०८ च्या सुमारास इकडे बाहेरची एक फर्म आली. त्यांनी 'स्विस व्हिला' विकायला सुरुवात केली. भिंती काँक्रीट ब्लॉकच्या, त्यांवर दगडाच्या वीस मिलिमीटरच्या चकत्या केमिकलने चिकटवलेल्या, वरून परदेशी पाइनच्या फळ्या आणि दरीकडे जमिनीपासून छतापर्यंत काच. ब्रोशर फार सुंदर. गिऱ्हाइकं मोबाइलवर तेच फोटो घेऊन आमच्याकडे यायला लागली आणि विचारायला लागली, "तुम्ही एवढं जाड दगडकाम कशाला करता? दिसायला तर तेच दिसतं."

मी डगमगलो. त्याच वेळी महाबळेश्वरला एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम चालू होतं. प्लॉट पश्चिमेच्या कड्यावर, समोर कोकणाकडची दरी. त्यांना दिवाणखान्यातून सूर्यास्त हवा होता, बावीस फूट रुंदीची सरकती काच हवी होती, आणि मधे येतो म्हणून पडवीचा पाखा, म्हणजे पुढे आलेलं उतरतं छप्पर, कापायचा होता. आबा म्हणाले, "इथं पाऊस वरनं पडत न्हाई, समोरनं येतो. पाखा कापू नका." मी त्यांचं ऐकलं नाही. काम हातातून त्या फर्मकडे जाईल ही भीती होती. पाखा कापला.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा पश्चिमेच्या वाऱ्यावर आडवा येतो. जुन्या बंगल्यांच्या भिंतींना पावसाळ्याआधी गवत बांधायची रीत होती ती उगाच नव्हे. २००९ च्या जुलैत काचेच्या खालच्या पट्टीतून पाणी आत आलं. सागाची जमीन फुगून फळ्या उठल्या. गिऱ्हाइकाने शेवटचे चौदा लाख अडवले आणि दुरुस्ती त्याच फर्मला दिली. चूक माझी होती आणि दुरुस्ती मी माझ्या खर्चाने करून देणार होतो, तसं पत्रही दिलं. पण चौदा लाख हे काचेचे नव्हते. ते जोत्याचे, घडीव दगडाचे, जिन्याचे होते. ते काम आजही उभं आहे आणि ते वापरतात.

नंतर त्या फर्मच्या माणसांनी बाजारात एकच वाक्य फिरवलं: यांची घरं गळतात. काच त्यांच्याच ब्रोशरमधली होती, हे कोणी सांगितलं नाही. तीन वर्षांत आम्हाला दोन कामं मिळाली, एक कुंपणाची भिंत आणि एक गोठा. टेम्पो विकला, वर्कशॉप गहाण पडलं. पाच सुतारांपैकी चार तिकडे गेले. त्यांना दोष देत नाही, त्यांना घरं होती. आबांनाही तिकडून निरोप आला होता, दुप्पट मजुरीचा. मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या पश्चात काकूंकडून, म्हणजे त्यांच्या पत्नीकडून, कळलं. त्या तीन वर्षांत आबा रोज सकाळी वर्कशॉपला येऊन टाक्यांना धार लावायचे. काम नव्हतं तरी.

आम्हाला उभं केलं पाचगणीच्या एका वयस्कर पारशी बाईंनी. त्यांच्या वडिलोपार्जित बंगल्याच्या स्वयंपाकघराचं छत आम्ही २००३ साली दुरुस्त केलं होतं, मंगलोरी कौलं उतरवून, वासे बदलून, तीच कौलं परत चढवून. नऊ पावसाळ्यांत एक थेंब आला नव्हता. बाजारातलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "डिकरा, माझा छत तूच केला होता ना?" आणि २०१२ साली भाच्याच्या घराचं काम आम्हाला दिलं. दुसरं कोटेशन मागवलं नाही.

प्लॉट भिलारच्या अंगाला, कृष्णेच्या खोऱ्याकडे तोंड करून. खाली धोम धरणाचं पाणी, पलीकडे कमळगड. या बाजूचं मोठं भाग्य हे की देखावा एकीकडे आणि पाऊस दुसरीकडे. म्हणून आम्ही पश्चिमेला पाठ केली. अख्खी भिंत दगडी, एकच छोटी खिडकी. दरीकडे उघडं घर, पण एकसंध काच नाही. तीन खिडक्या, तीन उंचींवर. स्वयंपाकघरातली ओट्यावर उभं राहिलं की गडाचा माथा दाखवते. दिवाणखान्यात अठरा इंच उंचीचा दगडी कट्टा आणि त्याला लागून खिडकी. कट्ट्यावर बसलं की फक्त पाणी दिसतं. झोपायच्या खोलीतून फक्त आकाश. सगळा देखावा एकदम समोर ठेवला तर माणूस चार दिवसांनी त्याच्याकडे बघायचं सोडतो, हे मी पक्कं सांगतो.

जोतं काळ्या पाथराचं, आतल्या भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून टणक होत जातो, म्हणून चिरे आणून एक उन्हाळा नुसते रचून ठेवले. बाईंच्या भाच्याने त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही. लाकूड पुण्यात पाडलेल्या एका वाड्याचं, जुना साग. तुळयांवरची खिळ्यांची भोकं आम्ही बुजवली नाहीत. पाखा साडेचार फूट.

आणि घराच्या मागे डोंगर धरून ठेवणारी साठ फुटांची भिंत. तिचा आकार आबांनी मातीत काठीने काढून दाखवला: मधे टोक, दोन्ही बाजू मागे झुकलेल्या. ढोल्या गणपतीची पाठच. भिंतीच्या पाठीमागे दोन फूट जाडीचा दगडखडीचा भराव, तळाला भोकांचे पाइप, भिंतीत पाच-पाच फुटांवर पाणी जायला भोकं. वरून येणारा ओघळ टोकावर फुटून दोन्हीकडच्या चरांत, तिथून ओढ्यात. इंजिनिअर मित्रांना सांगतो, आरसीसीची भिंत कितीही जाड करा, मागचं पाणी काढलं नाहीत तर ती पडणार. आणि घर घेणाऱ्यांनो, बंगला बघायला मे महिन्यात जाऊ नका. जुलैत जा, आणि आधी मागच्या बाजूला जा.

२०१७ साली त्याच भाच्याने मला स्वित्झर्लंडला नेलं. ज्या घरांचे फोटो आमच्या छाताडावर नाचवले गेले ती घरं मी हाताने चाचपून पाहिली. खाली दगडाचा मजला, वर त्याच डोंगरातलं लाकूड, उन्हाने काळपटलेलं. पाखे भरपूर पुढे आलेले. जुन्या घरांची छपरं फार उतरती नाहीत, कारण तिथे छपरावरचा बर्फ राहू द्यायचा असतो. तो पांघरुणासारखी ऊब धरतो. वाल्स गावात वास्तुविशारद पीटर झुमथोर यांनी १९९६ साली बांधलेलं गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नानगृह पाहिलं. तिथल्याच खोऱ्यातला क्वार्टझाइट, पातळ लांब पट्ट्यांचे थर. मी बराच वेळ भिंतीला हात लावून उभा होतो. आबांना आणायला हवं होतं. त्यांनी नक्की सुतकी मागितली असती. तिथले लोक आपल्या डोंगराचा दगड आणि आपल्या आकाशातून काय पडतं ते बघून बांधतात. त्यांची नक्कल करायची तर ही करावी.

आबा २०१८ च्या पौषात गेले.

२२ जुलै २०२१ च्या सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. भिलारला तेवढा नसेल, पण मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी धुक्यात, रस्त्यावरची माती चुकवत पोचलो आणि घरात न जाता थेट मागे गेलो. सगळ्या भोकांतून मनगटाएवढ्या धारा लागल्या होत्या. वरून आलेला लालभडक लोंढा भिंतीच्या टोकावर आपटून दोन भागांत फुटत होता आणि दोन्ही चरांतून ओढ्याला जात होता. भिंतीला ओळंबा लावून पाहिला. एक सूतही हललेली नव्हती. मी तिथेच पायरीवर बसून बाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "स्वयंपाकघर कोरडं आहे ना?"

ऑगस्टमध्ये महाबळेश्वरहून फोन आला. बारा वर्षांपूर्वीचं तेच गिऱ्हाईक. त्या फर्मने बांधलेला डेक खालची माती वाहून गेल्याने झुकला होता आणि मागची भिंत फुगली होती. मी गेलो. पाहणी केली, काय करावं लागेल ते सांगितलं, आणि सोबत नेलेलं २००९ चं बिल समोर ठेवलं. ते बराच वेळ वाचत बसले. नंतर म्हणाले, जोतं चांगलं केलं होतंत.

नऊ लाख मिळाले. त्यातले साडेचार त्याच संध्याकाळी पसरणीला जाऊन काकूंच्या हातात दिले. उरलेले पाच अजून यायचे आहेत.