तीन इसा आन वर चार

मेक्सिकोहून सहा आठवड्यांनी घरी आलो, तेव्हा आजीचा पहिला प्रश्न खायला काय हुतं आणि दुसरा, मंग शिकलास काय. मी म्हटलं माया शिकलो. ती म्हणाली, "माया शिकायला इतक्या लांब कामून गेलास? घरी मिळंना व्हय?" तेव्हापासून घरी कुणीही आलं की हाच जोक, आता तर आई पण सांगायली.

तर झालं असं, मी अमेरिकेत भाषाशास्त्रात एमए करतोय आणि तिथल्या कोर्सात उन्हाळ्यात एक भाषा तिच्या गावात राहूनच शिकायची असते. आम्ही नऊजण होतो, युकातानमधलं छोटं गाव, बायादोलिद शहरापासून तासाभरावर, चिचेन इत्सा पण त्याच बाजूला. सकाळी वर्ग, मग ज्याच्या त्याच्या घरी, इंग्रजी बंद आणि जमेल तितकी स्पॅनिशही बंद. माया म्हटलं की आपल्याकडं लोकांना पिरॅमिड आणि 2012 ला जग बुडणार होतं तेवढंच आठवतं, जणू ती माणसं कधीच संपलीत, पण 2020 च्या जनगणनेत एकट्या मेक्सिकोत युकातानची माया बोलणारे 7 लाख 74 हजार निघाले, आणि ही तर माया कुटुंबातल्या तीसेक भाषांमधली एक.

घरात म्हातारीला सगळे चीच म्हणायचे, चीच म्हणजे आजी, मग मीही चीचच म्हणायला लागलो. रोजचा पहिला प्रश्न "बिश अ बेल?", शब्दशः बघितलं तर तुझी वाट कशी आहे, आणि उत्तर "मा'अलोब", बरी आहे. दुसरा प्रश्न "तू'उश का बिन?", कुठं चाललास. हा ऐकून अमेरिकन पोरं वैतागायची, ह्यांना काय करायचंय आम्ही कुठं चाललो ते. मला हसू यायचं. आमच्या अंबाजोगाईत स्टँडपर्यंत जायचं म्हटलं तरी पाच जणांना उत्तर द्यावं लागतं आणि कुणालाच खरं उत्तर नको असतं.

पहिल्या आठवड्यातली फजिती सांगतो. तिथं खाट नाही, सगळे झोळीत झोपतात, म्हातारेसुद्धा, म्हणजे आपल्याकडं तान्ह्या बाळाला बांधतात तशीच पण माणसाएवढी. झोळीला शब्द आहे क'आन, क म्हणताना घशात एक झटका द्यायचा आणि आवाज जरा वर न्यायचा. झटका विसरून आवाज खाली राहिला की होतो साप. आणि झटका मधेच दिला, का'आन, की आभाळ. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर ऐटीत सांगितलं की रात्री सापात छान झोप लागली. चीच हसून हसून चुलीपुढंच बसली, आणि पुढं सहा आठवडे रोज सकाळी विचारायची, साप चावला का.

झोळ्या आता सुती आणि नायलॉनच्या असतात, पूर्वी हेनेकेनच्या दोराच्या असायच्या. म्हणजे आपल्या घायपाताचाच भाऊ. आपल्या बांधावर जे घायपात असतं ना, त्याला इंग्रजीत सिसल म्हणतात आणि ते नाव युकातानच्याच सिसल नावाच्या बंदरावरून आलंय. परसात सीताफळाचं झाडही होतं, त्याला त्यांचा स्वतःचा शब्द, त्स'आलमुय, कारण झाड मुळात अमेरिकेतलंच. हे मात्र आजीला अजिबात पटलं नाही. आमच्या बीडच्या सीताफळाला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, बालाघाटच्या डोंगरात कुठंही बघा सीताफळंच, आणि हा म्हणतोय तिकडून आलं. "सीतामाई तिकडं कवा गेली हुती रं?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आता मूळ गोष्ट. तिसऱ्या आठवड्यात वर्गात आकडे होते. जुनी माया मोजणी विसाची, वीस म्हणजे हुनक'आल, चाळीस म्हणजे काक'आल, साठ म्हणजे ओशक'आल, म्हणजे एक वीस, दोन वीस, तीन वीस. (ग्वातेमालाच्या किचे भाषेत तर वीस आणि माणूस याला शब्द एकच पडतो, हातापायाची बोटं मोजली की एक माणूस पुरा.) मी मन लावून पाठ केलं आणि घरी जाऊन चीचच्या नातवाला म्हणून दाखवलं तर तो आठ वर्षांचा पोरगा माझ्याकडं येड्यासारखा बघायला लागला. त्याला चारपर्यंतच येत होतं! पाचपासून स्पॅनिश. आणि त्याचंच काय, बाजारात, भावात, वयात, सगळीकडं जवळजवळ सगळेच चारच्या पुढं स्पॅनिशच वापरतात. ज्यांच्या पूर्वजांनी ठिपके आणि रेघा मारून आकडे लिहिले, शून्याला चिन्ह केलं, त्यांची ही गत. त्यांची पुस्तकं दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्यानं 1562 साली मानी गावात जाळली, जुनी पुस्तकं आज जगात चारच उरलीत.

मला राग आला, खरंच आला, आणि रात्री झोळीत पडल्या पडल्या आठवलं की माझ्या भाचीला एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाईन असं सांगावं लागतं. मग आणखी एक आठवलं, आजी गौऱ्या मोजायची तेव्हा काय म्हणायची? दोन इसा आन धा. म्हणजे पन्नास. हुबेहूब तीच मोजणी, आणि ती मी लहानपणी रोज ऐकली होती, आणि पाठ मात्र करत होतो माया.

का ते मला माहितीय. पुण्याला हॉस्टेलवर पहिल्या महिन्यात मी "मी मेसला जायलो" म्हणालो, तर रूमवर वर्षभर माझं नावच जायलो पडलं. मग मी जातोय म्हणायला शिकलो, लई लवकर शिकलो, घरी फोनवर सुद्धा तसंच बोलायला लागलो. एकदा आजी म्हणाली, तू बातम्यावाणी बोलायलास.

चीचचा धाकटा मुलगा मेरिदा शहरात एका हॉटेलात काम करायचा. तो रविवारी घरी आला की आईशी स्पॅनिशमध्ये बोलायचा आणि ती मायात उत्तर द्यायची. तासतास असंच चालायचं, कुणाला काही वाटायचं नाही. मी मायात बोललो की तो मात्र गप्प होऊन ऐकायचा. एकदा त्यानं मला विचारलं, तुझी आजी कुठली भाषा बोलते? मी म्हटलं मराठी. म्हणजे तुझीच? हो म्हटलं, पण एवढं पटकन नाही.

परवा शेजारच्यांनी शेतातून मक्याची कणसं आणून दिली, पोतंभर. आजी वट्यावर बसून मोजायली, वीस झाली की एक कणीस बाजूला उभं करून ठेवायची. मी गुपचूप फोन काढून रेकॉर्डिंग चालू केलं. तीन कणसं उभी राहिली. "तीन इसा, आन वर एक, दोन, तीन, चार..." आणि तिनं वर बघितलं.

"फोन कामून धरलास तोंडापुढं?"

"तुझं मोजणं घ्यायलो आजी."

"घे मंग. इसरले बग तुझ्यापायी, आता पुन्ना पैल्यापसून." आणि तिनं ती तिन्ही उभी कणसं परत पोत्यात टाकली.