अस्तरच्या ब्लाऊजची शिलाई किती घ्यायची?

घरी शिवणकाम सुरू केलं की बहुतेक जणी आधी शेजारच्या गल्लीतला भाव विचारतात. तिथे 400 असेल तर आपण 380. पण तिथल्या बाईंचा वेळ किती जातो, अस्तर कोणतं लावतात, हातशिलाई करतात की मशीन मारतात, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. म्हणून शिलाई ठरवायची ती आपल्या घड्याळावरून.

एकदा मोबाईलवर वेळ लावून साधा अस्तरचा ब्लाऊज शिवा. माप आणि गळा-बाहीचं बोलणं 15 मिनिटं, अस्तराची इस्त्री 15, कटिंग 30, मशीन 75, हातशिलाई 50, घालून बघणं आणि शेवटची इस्त्री 15. झाली 200 मिनिटं. हिशोबातून सुटतात ती नेमकी हातशिलाईची 50 मिनिटं, कारण ती रात्री टीव्हीसमोर होते. गळ्याची पट्टी उलटून तुरपायची, दोन्ही बाह्या, खालची पट्टी, मग सहा हूक आणि समोर दोऱ्याची सहा काजं. पाठ आणि डोळे यातच जातात. ते काम फुकट धरू नका.

आता महिना बघू. समजा 25 दिवस रोज 6 तास, म्हणजे 150 तास. त्यातले 30 बाजार, फोन, मशीनची साफसफाई आणि अल्टरमध्ये जातात. उरले 120. हातात 15,000 यायला हवेत आणि वीज, सुया, तेल, सर्व्हिसिंग, पुढच्या मशीनसाठी बाजूला टाकायचे पैसे मिळून 3,000. म्हणजे 18,000 भागिले 120, तासाला 150 रुपये. 200 मिनिटांचे 500. अस्तर 70 आणि हूक-दोरा-पायपिंग 20 धरले तर शिलाई 590. तुमच्या गावचे आकडे घाला, रीत हीच.

हाच ब्लाऊज 400 ला दिला तर सामान वजा जाता 310 उरतात. महिन्याला 36 ब्लाऊज, 11,160. खर्च काढला की 8,160. दीडशे तासांना वाटून बघा, तासाला जेमतेम 54 रुपये पडतात.

590 ऐकून गिऱ्हाईक थबकलं तर भाव तोडू नका, काम कमी करा. पायपिंग नको, खालची पट्टी मशीनवर, अस्तर त्यांनी आणायचं. मात्र सुती अस्तर आधी दोन तास पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं, कुणीही आणलेलं असो. न आटवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आकसतं, वरचं कापड तेवढंच राहतं, शिवण ओढली जाते आणि ब्लाऊज फुकट अल्टरला परत येतो. कडेच्या शिवणीत एक-एक इंच मार्जिन ठेवलं असेल तर सैल करायला दहा मिनिटं पुरतात, नाहीतर पंचाईत. माप आपण घेतलं असेल तर पंधरा दिवसांत अल्टर मोफत. त्यांनी जुना ब्लाऊज मापाला दिला असेल तर अल्टरचे पैसे वेगळे.

कटोरी ब्लाऊजला, म्हणजे छातीचा भाग वाटीसारखा वेगळा कापून जोडतात त्याला, साधारण पाऊण तास जास्त जातो, त्याचे 110 वाढवा. तीन दिवसांत हवा असेल तर 150 जादा, कारण आधी दिलेल्या बाईंचं काम मागे पडतं. निम्मे पैसे आगाऊ घ्या. पावतीवर तारीख, गळा, बाही, रक्कम लिहूनच कापडाला कात्री लावा. नात्यातल्या बाईंनाही पावती पूर्ण रकमेची. सूट द्यायचीच असेल तर खाली वेगळी ओळ लिहा, म्हणजे पुढच्या वेळी मूळ भाव त्यांना ठाऊक असतो. जुन्या गिऱ्हाइकांना वाढ दोन महिने आधी सांगा, गौरी-गणपतीच्या ऐन गर्दीत नको.

पैठणीच्या ब्लाऊजचा भाव मात्र नुसत्या वेळेवर काढू नये. ब्लाऊजपीस बहुधा 80 सेंटीमीटर. दोन्ही बाह्यांवरचा काठ, त्यावरची नक्षी समोरासमोर यायला हवी, आणि चुकलं तर तोच रंग बाजारात मिळत नाही. आधी जुन्या कापडाचा तुकडा मापात कापून पीसवर मांडून बघा; त्याचा अर्धा तास आणि जोखमीचे निदान 150 धरा. लांब बाही मागितली आणि काठ पुरत नसेल, तर तो पीस तसाच उलगडून त्यांच्यासमोर टेप लावून दाखवा.